पूर्णेवरचा छत्रीच्या काड्यांचा पूल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं त्या गोदेजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. आणि दुसरं कारण — ते सांगायलाही लाज वाटते — बोलता बोलता तो पूल कसा होता हेही तुम्हाला सांगता येईल. बघा, कबुली द्यायला बसलो आणि आधी आठवला तो पूल. माझं हे असंच आहे.

मी तेव्हा जालन्याच्या स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होतो. निजामाचं राज्य, दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. आमचं गाव स्टेशनापासून चालत जाण्याच्या टप्प्यात. घरी शेती, बा, माय आणि माझ्या पाठची बहीण गोदा. साऱ्या गावात रेल्वेची नोकरी असलेला मी एकटाच. गाडीला उशीर झाला की लोक मला विचारायचे, आणि मीही असं उत्तर द्यायचो की जणू मीच ती अडवून धरली होती.

जालन्याहून रूळ एकीकडे मनमाडला जातो, दुसरीकडे परतूरवरून खाली हैदराबादेकडे. भोकरदनकडे काहीच जात नाही. तिकडचा कापूस बैलगाड्यांनी यायचा, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला, पूर्णा भरली, की ती वाट बंदच. त्या गाड्या बघता बघता माझ्या डोक्यात एक फाटा सुरू झाला — जालना, राजूर, मग पूर्णा ओलांडून भोकरदन. तो कुणी आखला नव्हता, कुणी मंजूर केला नव्हता. तो फक्त माझ्या डोक्यात होता. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग मी तो बांधायला घेतला. खोक्यांच्या फळ्या जोडून तक्तपोसाएवढा, माणूस आडवा होईल एवढा, पाट केला. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून रूळ केले, बाभळीच्या काटक्यांचे स्लीपर. आमच्याच वावरातली काळी माती चाळून पसरली आणि तिच्यावर सरकीचा कापूस चिमटीनं लावला, बोंड फुटल्यासारखा. डबे केले धांड्याच्या भेंडाचे. पोरं ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या करतात ना, त्याच हातानं. इंजिनात एका मोडक्या घड्याळाची स्प्रिंग बसवली. चावी दिली की ते जालन्याहून निघायचं आणि मध्ये कुठंही बोट न लावता भोकरदनला जाऊन थांबायचं. राजूरच्या वळणावर आधी डबे कलंडायचे. मग मी ड्यूटी सुटल्यावर खऱ्या वळणावर जाऊन बसलो, नीट पाहिलं, आणि बाहेरचा रूळ किंचित उंच केला. त्यानंतर डबा कधी पडला नाही.

आणि पूल! चार जुन्या छत्र्यांच्या काड्या सोलून, वाकवून, तारेनं एकमेकींत गुंतवून केलेला पूल. त्याच्यावर खलबत्ता ठेवला तरी लवायचा नाही. खाली पत्र्याच्या पन्हाळीत मी खरं पाणी सोडलं होतं. ती माझी पूर्णा. बोटभर पाणी, कधी गढूळ नाही, कधी चढत नाही. किती शांत नदी होती ती! हिच्यावर पूल बांधणं किती सोपं आहे, हे तेव्हा माझ्या मनात आलंच नाही.

त्या हिवाळ्यात, कापसाच्या हंगामात, एका जिनिंगच्या आवारात नुमाइश भरली. बियाणं, मोट, हातमागाची कापडं, खिल्लारी बैल — आणि एका शेडमध्ये माझा फाटा. पहिल्या सकाळी लोक यायचे, विचारायचे, हे काय? मी म्हणायचो, हौसेनं केलंय. मग ते हसायचे, पोरांना उचलून दाखवायचे आणि बैल बघायला निघून जायचे. मला ते फार लागलं. इतक्या दिवसांची मेहनत, आणि लोक तिला खेळणं समजून पुढे जातात?

दुपारी एका अडत्यानं विचारलं, ही लाइन मंजूर झाली का? मी नुसता हसलो, आणि रेल्वेची टोपी जरा सारखी केली. तो माणूस जागच्या जागी बदलला. त्यानं जोडे काढले — हो, शेडबाहेर जोडे काढले — आणि वाकून एकेक स्टेशन बघितलं. राजूरला मालधक्का होणार का, असं अदबीनं विचारलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या नुमाइशीत झालं की भोकरदनची गाडी येऊन राह्यली, आणि तिचा नकाशा स्टेशनच्या बाबूनं मांडलाय. दुसऱ्या दिवशी माझ्या शेडपुढे रांग लागली. मी चावी दिली की लोक बोलणं थांबवायचे. तहसीलदारसाहेब आले, त्यांनी पुलाकडे बघून म्हटलं, “शाबाश, मियाँ, आपने तो पुल खड़ा कर दिया.” माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू? आजही ते वाक्य आठवलं की फुगते.

इथपर्यंत तर ही नुसती फुशारकी आहे. कोण करत नाही? हे एवढंच असतं तर मी ते हसत हसत चारचौघांत सांगितलं असतं.

आता गोदेचं सांगावं लागेल. त्याच हिवाळ्यात तिला एक स्थळ आलं होतं, भोकरदनच्या पलीकडचं. घर चांगलं, मुलगा शहाणा, बाच्या मनात भरलेलं. माय मात्र हलायला तयार नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं: पोरगी पूर्णेच्या पलीकडं देणार न्हाई. आमच्याकडे नागपंचमीला लेकीला माहेरी आणायची रीत आहे. भाऊ तिच्या सासरी जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि तो तिला गाडीत घालून घेऊन येतो. मग लिंबाला झोके, हाताला मेंदी, लाह्या, गाणी. बाकी वर्षभर काही का होईना, ते चार दिवस लेकीचे. पण पंचमी येते श्रावणात, आणि श्रावणात नद्या भरलेल्या. मायचं स्वतःचं माहेर घनसावंगीकडं, दुधनेच्या पलीकडे. तिच्या किती पंचम्या दारात उभं राहून गेल्या होत्या! मामा नदीपर्यंत यायचा आणि परत फिरायचा. गोदेचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढा एकच हट्ट तिनं जन्मात धरला असेल.

नुमाइशीच्या शेवटच्या दिवशी बा मायला घेऊन आला. लेकाचं कौतुक बघायला, असं म्हणाला. खरं कारण मला नंतर कळलं. गाडीची बातमी गावात पोचली होती.

माय रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे तो अडत्या होता, तो रोज यायचा. तिची पाळी आली तेव्हा मी चावी दिली. गाडी जालन्याहून निघाली, राजूरच्या वळणावरून गेली, पुलावर चढली. माय पदर तोंडाला लावून बघत होती. गाडी भोकरदनला थांबली तेव्हा तिनं पुलावर एक बोट ठेवलं आणि मला विचारलं,

“नारायणा, ह्या पुलावरून माझी गोदा पंचमीला येईल का?”

तिनं अडत्यासारखं विचारलं नव्हतं. तिला मंजुरी नको होती, नकाशा नको होता. तिला माझा शब्द हवा होता. आणि मला काय दिसलं? मला दिसली रांग. मला दिसला तो अडत्या, आपल्या सोबत्याला माझ्याकडे बोट करून दाखवणारा. आता ‘माय, हे खेळणं आहे’ असं म्हटलं तर तीन दिवसांचं सगळं इथंच, ह्या सगळ्यांसमोर, पडणार होतं. एवढाच विचार केला मी. ह्यापेक्षा मोठा काही केला असता तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

“येईल, माय,” मी म्हणालो. “दोन वर्सांत गाडी सुरू. बराबर येईल.”

तिनं पुलावरचं बोट कपाळाला लावलं.

परत जाताना आम्ही एकाच बैलगाडीत होतो. पूल मोडू नये म्हणून मी तो मांडीवर घेतला होता. सारी वाट माय लग्नाचं बोलत होती — कोणता महिना, कोणाला बोलवायचं. मला सारी वाट मोकळी होती. एक वाक्य पुरलं असतं. घर आलं, आणि मी पूल सांभाळून खाली उतरवला.

गोदेचं लग्न वैशाखात झालं. पहिल्या श्रावणात मी मुऱ्हाळी म्हणून निघालो. राजूरच्या पुढे चिखलात बैल रुतले, कसेबसे काढले, आणि पूर्णेवर पोचलो तर नदी दोन्ही काठ भरून चाललेली. पलीकडे तिचा दीर तिला घेऊन आला होता. ती डोक्यावर घोंगडी घेऊन उभी होती, हिरव्या लुगड्यात. बोलणं काही ऐकू येत नव्हतं. तिनं हात वर केला, मीही केला. लाह्यांची पुरचुंडी माझ्याजवळ तशीच राहिली. मी परत फिरलो.

घरी माय दारात उभी. मी सांगायच्या आतच ती म्हणाली की रेल्वेचं काम मोठं असतं, टाइम लागतो. पुढच्या श्रावणातही तसंच झालं. शेजारणी टोचून बोलायला लागल्या, आणि माय त्यांना माझी बाजू घेऊन उत्तरं द्यायला लागली. मग लढाई पेटली, आणि मला सुटका सापडली. मी सांगून टाकलं की सरकारचं सारं लोखंड लढाईला गेलं, फाटा रद्द झाला. पहिलं खोटं तोंडातून घाईत गेलं होतं. हे दुसरं मी नीट जुळवून, गुळगुळीत करून सांगितलं, पुलाच्या काड्यांसारखं. लोकांना पटलं. मायला पटलं नाही. ती म्हणाली, रद्द कसा होईल, लढाई संपली की करतील.

गोदा दिवाळीला यायची, उन्हाळ्यात यायची. सासर चांगलं निघालं, पोरंबाळं झाली. मी स्वतःला वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. पण माय जिवंत होती तोवर गोदेची एकही पंचमी आमच्या लिंबाखाली झाली नाही. माय मात्र पंचमीच्या आदल्या दिवशी न चुकता दोर काढायला लावायची, झोका बांधून घ्यायची. त्या झोक्यावर शेजारच्या पोरी खेळायच्या. पूल तिनं देवाच्या कोनाड्यात ठेवला होता. आलेल्या-गेलेल्याला दाखवायची: माझ्या नारायणानं केलाय, तहसीलदारानं शाबाशी दिली. आणि मी? मी त्या वेळी आसपास असलो तर उठून जात नव्हतो. ऐकत बसायचो.

माय एका हिवाळ्यात गेली. नदी उतरलेली होती, त्यामुळे गोदा उशाशी होती. मायनं तिला जे शेवटचं नीट सांगितलं ते मी खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकलं. “पूल झाला की पंचमीला येत जा. मी नसले तरी भाऊ हाय.”

तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोललो.

दिवस झाल्यावर गोदेनं मायची आठवण म्हणून काय मागितलं असेल? पाटल्या नाहीत, लुगडं नाही. पूल मागितला. मी तो तिच्या बैलगाडीत स्वतःच्या हातानं गवतात बसवून दिला, आणि तो कसा धरायचा ते तीनदा समजावलं.

पुढे राज्य बदललं, किती वर्षं गेली. पूर्णेवर मोटारीचा पूल झाला, एसटी जाऊ लागली. रेल्वे आजही नाही. मागच्या उन्हाळ्यात गोदेकडे गेलो होतो. आता आम्ही दोघंही म्हातारे. तिच्या नातवंडांनी फळीवरून तो पूल काढून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. एक काडी सुटलेली नव्हती, गंज मात्र चढला होता. गोदा त्यांना म्हणाली, “ह्यो पूल होणार होता पूर्णेवर. माझ्या भावानं आखून दिल्ता. सरकारनं केला न्हाई. सरकारनं माझ्या मायच्या पंचम्या खाल्ल्या.”

पोरं माझ्याकडे बघायला लागली, डोळे मोठे करून. धाकट्यानं विचारलं, आजोबा, खरंच तुम्ही केला? मी हो म्हणालो. आणि पूल हातात घेऊन त्यांना दाखवायला लागलो — ही छत्रीची काडी, इथं अशी वाकवली, इथं तार अशी गुंतवली, वर खलबत्ता ठेवा, लवणार नाही. गोदा शेजारी बसून कौतुकानं ऐकत होती. सरकारनं कधी काही आखलंच नव्हतं, हे सांगायला मी तिच्याकडे वळलोसुद्धा.

मग एका पोरानं खरंच खलबत्ता आणला. पूल लवला नाही. आणि माझी छाती फुगली.