आधीचंच मोडेल बटन

ब्रह्मपुरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या भाऊंच्या हातून आजवर काहीच बिघडलेलं नाही. त्यांनी दुरुस्तीला घेतलेल्या वस्तूत नवा बिघाड निघाला, तर तो आधीचाच असतो. आमचा मिक्सर त्यांच्या मते दुकानातूनच जळून आला होता.

मला कॉलेजची प्रश्नपत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायची होती आणि माझ्या जुन्या लॅपटॉपची तीन बटणं कितीही दाबली तरी अक्षरं उमटत नव्हती. भाऊ चष्मा कपाळावर ढकलून बसले.

"काऊन टेन्शन घेऊन राह्यले, सर?" म्हणत त्यांनी बटणं उचकटली, खालचा चिवड्याचा चुरा ब्रशनं झाडला आणि बटणं परत बसवली. तिन्ही चालू झाली. फक्त शेजारचं 'एच' कटकन मोडून त्यांच्या हातात आलं.

"हे आधीचंच मोडेल होतं," ते म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले.

सकाळी दूधवाल्याच्याही आधी ते हजर झाले. खिशातून तसंच बटण काढून त्यांनी बसवून दिलं.

"मार्केटात भेटलं."

इतक्या सकाळी कुठलं मार्केट उघडतं, हे मी विचारलं नाही. प्रश्नपत्रिका वेळेत गेली.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. टेबलावर त्यांचा लॅपटॉप उघडा होता, अगदी माझ्यासारखाच, आणि 'एच'च्या जागी खड्डा होता. माझी नजर तिथं गेलेली भाऊंनी पाहिली.

"आमचा पोट्टा लय जोरानं टाइप करते," ते म्हणाले.

पोट्टा पुण्यात नोकरीला आहे आणि दिवाळीपासून घरी आलेला नाही.

"आजकालची पोरं," मी म्हणालो.