दाराआडचं जर्मन

धरणगावात मी कापसाची खरेदी-विक्री करतो. सायकलवर पोती बांधून सुरुवात केली, आज दोन गोदामं आहेत, आणि त्यात कोणाचा हातभार लागलेला नाही. धुळ्याला जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी अशा माणसाला तासभर व्हरांड्यात बसवून ठेवलं. तो राग अजून गेलेला नाही.

माझी मुलगी नर्स आहे. जर्मनीला जायचं तर पुण्याला होणारी भाषेची परीक्षा हवी, आणि परीक्षेला नाव पाठवायचं की नाही ते बाई ठरवणार होत्या. पुढची संधी थेट सहा महिन्यांनी. तिकडच्या हॉस्पिटलातली जागा तोवर थांबणार नव्हती.

धुळ्याला जाताना गाडीत ती घोकत होती. कोखेन म्हणजे उकडणे, त्याचं गेकोख्ट होतं, म्हणजे उकडलेलं, आणि ते नामाच्या आधी विशेषण म्हणून बसतं. मी म्हटलं, यात काय, आपणही वेचलेला कापूस, भिजलेली गाठ, फाटलेलं पोतं म्हणतोच.

"आप्पा, त्यांच्या शब्दाची शेपटी नुसत्या लिंगावर फिरत नाही," ती म्हणाली. 'ते उकडलेलं अंडं' म्हटलं तर दास गेकोख्टे आय, 'एक उकडलेलं अंडं' म्हटलं तर आइन गेकोख्टेस आय. अंडं तेच, उकडलेलंही तितकंच. मला काही तो व्यवहार पटला नाही.

बाईंनी आत बोलावलं आणि आधी मलाच विचारलं, घरी अभ्यास कसा चाललाय. आमच्या धंद्यात आपला माल आपण वाखाणत नाही. समोरच्याने ढिगात हात घालून बघायचं असतं. मी म्हणालो, "बरा शे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. नुसता बरा असेल तर पुढच्या वेळी बसवू, म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. माल न बघता सौदा मोडणारं गिऱ्हाईक आजच पाहिलं, असं मी मोठ्याने सुनावलं. बाई उठून उभ्या राहिल्या.

"आप्पा, तुम्ही बाहेर थांबा," मुलगी म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "मॅडम, माझी तयारी झालीये. आत्ता विचारा."

मी बाहेर चपलांजवळ उभा राहिलो. आतून बाईंचा प्रश्न ऐकू आला, मग काहीच नाही. शांतता लांबली तसा माझा हात कडीवर गेला. तेवढ्यात ती बोलायला लागली. अडखळली, एका शब्दाची शेपटी बदलून तोच शब्द पुन्हा म्हणाली, पुढे गेली. बाई मध्येच अडवत होत्या, ती थांबून उत्तर देत होती. मला कळत काहीच नव्हतं, पण तिचा आवाज खाली येत नव्हता.

दार उघडून बाई तिला म्हणाल्या, नाव पाठवते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे मुलगी म्हणाली, "पुण्याला परीक्षेला मी एकटी जाईन."

एरंडोल आलं. मग मी विचारलं, तुला जळगावला सोडायला यायचं तर पुण्याची गाडी किती वाजता असते.