जुना माल आधी

हरसिंगकाका आज सकाळी गेले. मला नवरा केलं ते ह्याच माणसानं.

साठच्या दशकातली गोष्ट. प्रोफेसरशी भांडून मी नागपूरचं कॉलेज मधेच सोडलं आणि पांढरकवड्याला हायवेवरच्या ट्रान्सपोर्ट गोदामात कामाला लागलो. गोदाम काकांच्या ताब्यात.

काका बंजारा. त्यांच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं. काका तेच मीठ ट्रकमधून उतरवून घेत.

त्यांचा एकच रूल. आधी आलेला माल आधी बाहेर. नवा स्टॉक मागं, जुना पुढं.

मी घाईत नवी पोती पुढं लावली की म्हणायचे, "जुन्याले काय इथंच म्हातारा करतं?"

आणि मी प्रेमात.

केळापूरची सुशीला. तिच्या बाबांचं किराणा दुकान. त्यांचा गूळ, मीठ आमच्याकडून जायचं. पोचवायला मीच, दुसऱ्या कोणाला जाऊच देत नव्हतो.

एक दिवस कळलं, तिला आदिलाबादचं स्थळ आलंय. डोकंच फिरलं माझं.

"काका, त्या पोराचे पाय तोडतो मी."

"बस खाली. स्थळ आलं का ठरलं?"

"आलं."

"मंजे नवा माल दारात उतरला. तू कवाचा पडून हायेस?"

"कॉलेज सोडलं तवापासून."

"मंग चाल. अन् तिथं तोंड उघडू नको."

दुकानात काका उभ्याउभ्याच बोलले.

"शेठजी, पोरीसाठी नवा माल घेऊन राह्यले म्हने. आमच्या गोदामात जुना पडला हाये. आधी हा काढा."

शेठजींनी मला वरून खाली पाहिलं.

"कॉलेज अर्धं, डोकं गरम. मले तं हा डेड स्टॉक वाटते."

मी दात खाऊन गप्प.

"खराब निघाला तं?" शेठजींनी विचारलं.

"वापस घेतो. भाडं माहं."

शेठजी हसले नाहीत. काकाही नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

आत तांदूळ निवडत बसलेली सुशीला तिथूनच बोलली.

"बाबा, वापस नाही धाडायचा. मले हाच पायजे."

शेठजींनी हातातला तराजू खाली ठेवला. मग आदिलाबादला नकार गेला.

आज सुशीलाला बातमी सांगितली. मी इथं लिहीत बसलोय आणि ती कधीची चप्पल घालून दारात उभी आहे.

काका, भरल्या डोळ्यांनी नमस्कार.

निघालो आम्ही दोघं.