खंडेनवमीला अडकलेला कॉम्प्युटर

आमच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात पंपाचे सुटे भाग वेळेवर व्हायचे, गुऱ्हाळाच्या चरकाची चाकं वेळेवर व्हायची. मी करत होतो तो कॉम्प्युटर तेवढा होत नव्हता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावच्या दूध संस्थेत काट्यावर कॅन ठेवायचा, सभासदाचा आकडा दाबायचा, की वजनाची चिठ्ठी बाहेर. एवढंच त्याचं काम. त्यासाठी मी साखर कारखान्यातली नोकरी सोडली होती.

माझे आबा कोडोलीत एका दूध संस्थेचे चेअरमन. त्यांनी भर सभेत सांगून टाकलं, "दसऱ्याला पोराचा कंप्युटर येतोय. काटा मारल्याची बोंब आता बंद." विरोधी पार्टी ते वाक्य धरूनच बसली. आबांची अब्रू माझ्या टेबलावर येऊन पडली होती आणि मला धड जेवण जात नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी शेवटचं म्हणून यंत्र चालवून पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या शेडमधला मोठा प्रेस सुरू झाला, दिवे क्षणभर मंदावले आणि यंत्र घेतलेलं वजन साफ विसरलं. गावात संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की हे रोज होणार. आत बॅटरी बसवली की काम भागलं असतं. मी वळलो, तर पक्कड, पेचकस, सोल्डरिंग आयर्न, सगळं पाटावर मांडून झेंडूखाली गेलेलं. मी हात घातला आणि कारखान्याच्या मालकांनी मनगट धरलं.

"पूजलेल्या हत्याराला हात लावायचा न्हाय. उद्या सोनं लुटल्यावर."

"उद्या तर द्यायचाय."

"मग दिवाळी पाडव्याला देऊ की. कुठं पळून चाललाय?"

दसऱ्यानंतर बॅटरी जोडून पाहिली, तर नुसत्या बॅटरीनं भागेना; तिचं सर्किट मुंबईहून मागवलं, ते दिवाळी पाडव्यापर्यंत आलं नाही. आलं ते पाडवा उलटून गेल्यावर. यंत्र तयार झालं, तरी मालक देईनात. पहिली वस्तू, कुठल्याही वारी कशी द्यायची? आता एकदम गुढीपाडवा. मला ते यंत्र घणाखाली घालावंसं वाटत होतं. तयार वस्तू समोर असली की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. हिवाळाभर मी ते उघडत होतो, मिटत होतो आणि दर वेळी काहीतरी नवीन खुपत होतं.

कोडोलीला गेलो की न्हावी विचारायचा, "काय इंजिनेर, बाळंत झाला का न्हाय कंप्युटर?" दुकान हसायचं. आबा मात्र एका शब्दानं विचारत नव्हते. त्याचा मला जास्त त्रास व्हायचा.

गुढीपाडव्याला संध्याकाळी मालक आणि मी हार, नारळ, पेढे घेऊन जीपनं संस्थेत पोचलो. दुधाची रांग लागली होती. काट्याशेजारी दुसऱ्याच कुणाच्या कंपनीचं यंत्र ठेवलं होतं आणि स्वतः आबा त्याचे आकडे दाबत होते. माझं डोकं फिरलं.

"आबा, दुसऱ्याचं घेतलंत?"

"म्हशी काय मुहूर्त बघून दूध देत्यात व्हय? सभेत तोंड मला दावायचं हुतं."

तेवढ्यात दिवे मंदावले. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या होत्या. त्या यंत्राचे आकडे गेले. मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. "बघा," मी म्हणालो.

आबांनी तिकडं बघितलंही नाही. कानावरची पेन्सिल काढली, कागदाच्या चिटोऱ्यावर वजन लिहिलं आणि समोरच्या बाईच्या हातात दिलं. बाई कॅन उचलून निघाल्या.

"रोज जातंय की," आबा म्हणाले. "तुझ्यात जात न्हाय?"

"न्हाय. त्याच्यासाठीच तर थांबलो."

आबांनी पेन्सिल परत कानावर ठेवली आणि पुढचा कॅन काट्यावर ओढला.

"दसऱ्याला तसाच आणायचास की लेका. पेन्सिल तवाबी हुती."