भोंग्यातून सुटलेलं नाव

नत्थूजींच्या घशात देवाने जागा जरा जास्तच ठेवली होती. एकोणीसशे अडुसष्ट-एकोणसत्तरच्या सुमारास नागपुरात सायकलरिक्षावर भोंगा बांधून जाहिरात करत फिरणारे आणखीही होते, पण ते नुसते ओरडत. नत्थूजी बोलायचे. सिनेमा बदललेला असो, कापडाचा सेल लागलेला असो की कुणाची म्हैस सापडलेली असो, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली की बाया कढई उतरवून दारात यायच्या. एकदा म्हणे त्यांनी सापडलेल्या म्हशीचं वर्णन इतकं रसाळ केलं की मालक आला, तिच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "माही नोहे. माही एवढी देखणी कुठी होती?"

घरात मात्र नत्थूजी मुके. तिथला भोंगा रुखमाबाईंकडे. नवरा अंगणात पाय धूत असतानाच त्या विचारायच्या, "काय नवीन?" आणि जेवण आटपेस्तोवर सगळ्या शहराची बित्तंबातमी काढून घ्यायच्या. नत्थूजींच्या पोटात भाकर राहायची, बातमी राहत नसे.

त्या काळी माणूस दुकान शोधायचा तो तोंडानं. पारशिवनीकडचा शेतकरी एसटीतून उतरायचा, पहिल्या पानठेल्यावर पिशवी टेकवायचा आणि म्हणायचा, "काहो भाऊ, दाराची चांगली चौकट कुठी भेटते?" पानवाल्याच्या तोंडात जे नाव आधी येईल तिकडे त्याची पावलं वळायची. दुसरं नाव ऐकायला कोण थांबतो? नत्थूजी नेहमी सांगायचे, "दुकान रस्त्यावर नसते बाप्पा, लोकायच्या जिभीवर असते. अन् जिभीवर जागा एकाचीच."

हे ज्ञान त्यांनी पाजळलं ते देवरावांसाठी. लकडगंजात, लाकूड कापणाऱ्या आरामशिनींच्या घरघरीत आणि ओल्या भुश्शाच्या त्या वासात (तो वास अजून कुठून आला तर जुन्या माणसांचं नाक आपोआप मागं वळतं), देवराव सागाच्या चौकटी आणि दारं करायचे. माणूस विधुर, काम सुरेख, आणि बोलणं रंद्यानं तासून काढलेलं. दुकान मात्र गल्लीच्या पार पोटात. गल्लीच्या तोंडाशी ओमप्रकाश शेठची मोठी वखार. देवरावांना विचारत कुणी आलं की शेठ पुढे होऊन हात धरायचे, "देवराव? अरे, अपनाच आदमी है, आइये ना!" आणि गिऱ्हाईक आत जायचं ते चौकट घेऊनच बाहेर पडायचं.

देवराव एक दिवस नत्थूजींकडे येऊन बसले. मग म्हणाले, "दुकान बंद करा लागते. गिऱ्हाईक निंगते घरून, पण वाटतच गळते."

नत्थूजी स्वतः गल्लीत जाऊन उभे राहिले. देवरावांच्या दुकानासमोर भागीरथाबाईची चहाची टपरी होती. नवरा वारून बरीच वर्षं झालेली, पदरी शामला नावाची लग्नाची मुलगी, आणि जीभ अशी की हमालसुद्धा कप धुऊन परत ठेवायचे. नत्थूजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"देवराव, तुमचं नाव घेऊन फायदा नाई. लकडगंजात देवराव पन्नास हायेत. भागीरथा एकच!"

त्यांनी रीतसर परवानगीही घेतली. "भागीरथाबाई, भोंग्यात तुमच्या चहाचं नाव घेऊ काय?"

"घ्या ना," ती म्हणाली. "नाव घेतल्यानं दूध आटते का माहं?"

बिचारीनं कवन आधी ऐकून घ्यायला हवं होतं. पारशिवनीच्या बाजारात, भाड्याच्या बैलगाडीवर भोंगा बांधून, नत्थूजींनी ते पहिल्यांदा सोडलं. गाडीचे बैल दचकले, आणि बाजार थांबला:

"सागाची चौकट, सागाचं दार,
टिकन नातवाच्या नातवापार!
देवराव-भागीरथा,
पुसा कुणालेबी रस्ता!"

पोरासोरांनी ते संध्याकाळपर्यंत पाठ केलं. आठवड्याभरात गावकरी एसटीतून उतरून विचारू लागले, "देवराव-भागीरथा कुठी गा?" पानवाले बोट दाखवू लागले. ओमप्रकाश शेठची मोठी पंचाईत झाली. देवराव व्हायला ते एका पायावर तयार होते, पण भागीरथा कसे होणार?

देवरावांचा रंदा थांबेना. टपरीवरही गर्दी झाली. सगळं गोड चाललं होतं, पण एक गोष्ट नत्थूजींच्या ध्यानात आली नव्हती. दोन नावं जोडीनं घेतली की आपले लोक आपोआप अक्षता टाकतात. चौकट घ्यायला आलेला एखादा म्हातारा भागीरथाबाईला सरळ म्हणायचा, "वहिनी, देवरावजी आतमंदी हायेत का?" ती त्याला उकळता चहा पाजायची. पण म्हातारे वाढतच गेले.

आणि मग एका सकाळी ती हातात चहाची गाळणी घेऊन नत्थूजींच्या दारात उभी राहिली. नत्थूजी दात घासत होते.

"शामलाची सोयरीक जुळून राहिली होती," ती म्हणाली. "पारशिवनीच्या चंपतरावायच्या पोरासंग. पाहून गेले, पसंत करून गेले. आता निरोप आला. पोरीचा बाप वारला म्हणता, मंग हा देवराव कोण? म्हणे, आमी लकडगंजात येऊन पुसू, मंगच बैठक."

नत्थूजींच्या तोंडातला फेस तोंडातच राहिला.

"तुमी नाव जोडलं," ती म्हणाली, "आता तुमीच तोडा. माही पोर घरी बसली तर हा भोंगा भुश्शात घालून पेटवीन." आतून रुखमाबाईंचा आवाज आला, "अन् काडी मी देईन वं बाई!"

नत्थूजींना वाटलं, तोडणं किती अवघड असणार? पुढच्याच बाजारात ते पारशिवनीला गेले आणि गंभीर आवाजात भोंग्यातून म्हणाले, "ऐका हो ऐका! लकडगंजचे देवराव आणि भागीरथाबाई यांचा एकमेकांशी कोणताही संबंध नाही!"

सगळा बाजार कान टवकारून वळला. मग कांद्याच्या ढिगामागून एक बाई म्हणाली, "अगं माय! सोडचिठ्ठी झाली वाटते!"

"काहून गा, झालं काय?"

"दुसरी केली असन त्यानं."

"मले वाटलंच होतं. त्याचा चेहराच तसा."

देवरावांचा चेहरा तिथं कुणीही पाहिला नव्हता. पुढल्या आठवड्यात चौकट नको असलेली माणसंही गल्लीत येऊन, देवरावांकडे एकदा आणि टपरीकडे एकदा बघून, हळहळून परत गेली. भागीरथाबाईनं त्याच दिवशी फर्मान काढलं की देवरावांनी टपरीच्या बाकड्यावर बसायचं नाही. नालीपलीकडं, आपल्या दाराशी उभं राहून चहा प्यायचा. देवरावांनी कप उचलला आणि उन्हात जाऊन उभे राहिले.

नत्थूजींना झोप लागेना. त्यांनी जन्मभर लोकांना "पुसा, पुसा" सांगितलं होतं, म्हणजे विचारा. पण पुसा म्हणजे मिटवा, असं म्हटलं तर एक माणूस ऐकत नव्हता. ते भागीरथाबाईकडे गेले आणि लांब उभे राहून म्हणाले, "बाई, हे नाव पुसल्या जात नाई. पुसाले गेलं की पसरते. भितीवरचा डाग असा जात नाई, त्याच्यावर रंग मारा लागते."

"म्हंजे?"

"लोकायच्या जिभीवर जागा एकाचीच. तिथं देवरावाले बसोलं मी. त्याले उठवाचं असन तर त्याच्याहून वजनदार काहीतरी आणून बसवा लागन. तुमी पोळ्याले हमालायसाठी ते चन्याची तर्री करता ना?"

भागीरथाबाईची ती तर्री वर्षातून एकदाच व्हायची. काळ्या मसाल्यात शिजलेले हरभरे, वर बोटभर लाल तवंग, खाली पोहे. खाणारा पहिल्या घासाला घाम पुसायचा आणि दुसऱ्याला देवाचं नाव घ्यायचा. ती आता रोज होऊ लागली. नत्थूजी लकडगंजाच्या गल्ल्यागल्ल्यांतून रिक्षा ओढत फिरले: "डोळ्यात पाणी, नाकात वारं, तर्री भागीरथेची, खाऊन पाहा रं!" हे फुकट, स्वतःच्या पायांनी. आणि खरंच, पंधरवड्यात हवा पालटली. कुणी भागीरथा म्हटलं की लोक म्हणू लागले, "तर्रीवाली ना?" तर्रीत दम होता म्हणून. नाहीतर भोंगा काय, बेडकालाही घसा असतो.

इथं थांबले असते तर ते नत्थूजी कसले? चंपतराव आता येणार, मग येणार, या धास्तीनं त्यांनी पानवाला, रिक्षावाले, सायकलदुरुस्तीवाला, सगळ्यांची शिकवणी घेतली. कुणी परका माणूस भागीरथाबाईचं विचारेल तर काय म्हणायचं, तेही चालीवर:

"शुद्ध आचार, शुद्ध विचार, भागीरथाबाई तर्रीवाली!"

चंपतराव आले ते भर दुपारी. पांढरं धोतर, कडक टोपी, हातात छत्री. नत्थूजी गल्लीतल्या पानठेल्याच्या मागं दुपट्टा डोक्यावरून घेऊन उभे.

चंपतरावांनी पानवाल्याला विचारलं, "भागीरथाबाई कोण हो इथं?"

"शुद्ध आचार, शुद्ध विचार, भागीरथाबाई तर्रीवाली!"

चंपतराव पुढं गेले. रिक्षावाल्याला विचारलं. तीच चाल, तेच शब्द. सायकलवाल्यानं तर हातातला पाना छातीला लावून म्हटलं. चंपतराव थबकले. कपाळाला आठी पडली. ते स्वतःशीच, पण नत्थूजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "एका गावचे तीन जण कधी एक बोलत नाई. हे पढवलेले पोपट हायेत. काहीतरी झाकून राहिले."

नत्थूजींच्या पायाखालची नाली सरकली.

चंपतराव टपरीवर गेले, आपण कोण ते न सांगता बसले. पोरगी पाहायला ते स्वतः आलेच नव्हते, बायको आणि भाऊ येऊन गेले होते, त्यामुळे भागीरथाबाईनं ओळखलं नाही. पोहे आले, तर्री आली. चंपतरावांनी घास घेतला, टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घास घेतला. समोर, नालीपलीकडं, एक माणूस उन्हात उभा राहून चहा पीत होता. याला तरी कुणी पढवलेलं दिसत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"काहो भाऊ, हे बाई कशी हाय?"

नत्थूजींनी डोळेच मिटले. देवरावांना शिकवायचं राहूनच गेलं होतं. जो माणूस दिवसाला चार शब्द बोलतो त्याला काय शिकवायचं?

देवरावांनी कप खाली केला. आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं.

"कशी हाय? खट हाय! दोन मयने झाले, मले बाकड्यावर बसू देत नाई. उन्हातानात उभा. तर्री मांगितली तर म्हणते तुमाले नाई, लोक पायतात. मी केलं काय? त्या भोंगेवाल्यानं माहं नाव इच्या नावासंग जोडलं, त्यात माहा काय गुन्हा? समोरासमोर दुकान, पण मान वर करून पायत नाई. कप बी असा दुरून सरकवते, जसा कुत्र्याले तुकडा! मीठ देवानं इच्या हाताले देल्लं, जिभीले देल्लंच नाई!"

चंपतराव घास हातात धरून ऐकत राहिले. "तुमीच देवराव का?"

"मंग काय! तोच तो बदनाम."

मग चंपतराव हसू लागले. हसता हसता तर्री मस्तकात गेली, ठसका लागला, भागीरथाबाई पाण्याचा गडवा घेऊन धावली. पाणी पिऊन ते म्हणाले, "बाई, मी पारशिवनीचा चंपतराव. त्या तिघायनं तुमची एवढी स्तुती केली का मी उठून चाललो होतो. या भल्या माणसानं शिव्या देल्ल्या म्हणून बसलो. बैठक कधी करता, बोला." मग पानठेल्याकडे वळून, जरा मोठ्यानं, "अन् त्या भोंगेवाल्याले सांगा, दुपट्ट्यातून आवाज झाकत नसते. सगळ्या पोपटायची चाल एकच हाय!"

शामलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. देवरावांनी सागाचे दोन पाट पाठवले, असे गुळगुळीत की नवरदेव घसरता घसरता वाचला. नत्थूजींना आमंत्रण होतं, पण भोंग्याला नव्हतं. ते पंगतीत मुकाट्यानं बसले, आणि पाच वेळा बुंदी घेतली.

आता तसं कुणी कुणाला विचारत नाही. पत्ता खिशातल्या मोबाइलच्या डबीतच निघतो, आणि ती डबी वळण सांगते, पण घरचं काही विचारत नाही. तेव्हा पानवाला ठेला सोडून, बोटाला चुना तसाच ठेवून, नाक्यापर्यंत पोचवायला यायचा, आणि वाटेत तुमच्या मुलीचं, जावयाचं, विहिरीच्या पाण्याचं सगळं विचारून घ्यायचा.

राहता राहिलं एकच. लेकीची पाठवणी झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी नत्थूजी रिक्षा घेऊन गल्लीतून चालले होते. देवराव नेहमीसारखे नालीपलीकडं उभे. भागीरथाबाईनं दोन कप भरले. बाकड्यावरचं फडकं उचललं, जागा पुसली, आणि कुठंही न बघता म्हणाली, "देवरावजी, उन्हं वाढून राहिली. आत बसा."

देवराव आले. बसले. तिनं त्यांच्यासमोर तर्रीची वाटी ठेवली. पुढं काही बोलणं झालं नाही, निदान रिक्षा वळेपर्यंत तरी नाही.

नत्थूजींनी भोंग्यावर फडकं टाकलं आणि घरापर्यंत एक शब्द न बोलता गेले. अंगणात पाय धूत असताना रुखमाबाईंनी विचारलं, "काय नवीन?"

"काई नाई," नत्थूजी म्हणाले.

रुखमाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

मग ही गोष्ट बाहेर आली कशी, असं कुणी पुसेल. पानठेला काय आंधळा होता?