अक्कांनाच अडवणारी प्रणाली

डॉ. सुशीला सूर्यवंशी यांना मी प्रथम भेटलो तो संशोधन-प्रवेशाच्या मुलाखतीत. भालकी तालुक्यातल्या मेहकरहून कलबुर्गीला आलेला मी, त्यांच्या कन्नड प्रश्नाचे उत्तर हिंदीत सुरू करून इंग्रजीत अडकलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मेहकरचा न्हवं तू? मग दोन-दोन भाषांत घाबरायलास कामून? एकाच भाषेत घाबर, म्हंजे मला उत्तर तरी कळंल." विभागात सगळे त्यांना अक्का म्हणत; तेव्हापासून त्या माझ्याही अक्का झाल्या.

अनेक ठिकाणच्या संगणकांवर मिळून चालणारे काम, त्यातला एखादा बंद पडला किंवा चोराच्या हाती गेला तरी सुरक्षित कसे चालू राहील, या प्रश्नाला अक्कांनी आयुष्य दिले. त्यांनी घडवलेली प्रणाली प्रसंग पाहून स्वतःला बदलते आणि टंकनाच्या लयीवरून माणूस ओळखते.

प्रकल्प पुढे चालवायचा की बंद करायचा, हे ठरवायला समिती आली तेव्हा अक्कांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मुलींच्या वसतिगृहातला बंद पंखा पाहायला त्या स्वतः स्टुलावर चढल्या होत्या. डाव्या हाताने एकेक अक्षर शोधू लागताच प्रणालीने त्यांना परके ठरवून बाहेर काढले. प्रमुखांसाठी एखादी मागची वाट असेलच, असे समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"न्हाई ठेवली," अक्का म्हणाल्या. "मला ठेवली असती, तर चोरालाबी सापडली असती."

परत आत जायला दोन सहकाऱ्यांनी ओळख पटवावी, हा नियम अक्कांचाच. मी पटवली. दुसरे बिराजदार सर पाहुण्यांना घेऊन गाणगापूरला गेलेले. फोन लागला, पण नुसत्या आवाजावर भरवसा ठेवायला सरांनी नम्र नकार दिला. अक्कांनी विनवले, मग त्या रागावल्या. सर म्हणाले, "खऱ्या अक्का असत्या तर मला शाबासकी दिली असती." आणि पाहुण्यांना लॉजवर बसवून त्यांनी कलबुर्गीची बस धरली.

तोवर समितीतल्या एका गृहस्थांनी कंटाळून एक संगणक बंद केला, मग दुसरा. काम चालूच राहिले. आपल्यावाचून सगळे सुरळीत चालले आहे, याचा अभिमान बाळगावा की वाईट वाटून घ्यावे, हे बाहेर बाकावर चहा घेत बसलेल्या अक्कांना ठरवता येईना.

सरांनी येऊन आधी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला, मग होकार दिला. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली. अक्का सरांना म्हणाल्या, "तुम्ही माझ्या आवाजावर इस्वास ठेवला असता, तर आज मी नापास झाले असते."

अक्का यंदा साठ वर्षांच्या झाल्या. निवृत्तीनंतर भालकीच्या शेतात तूर पेरणार, असे त्या अलीकडे सांगतात. ती तूर त्यांना पुष्कळ वर्षे पेरता यावी, नजर आणि गुडघे शाबूत राहावेत, आणि शंका घेऊन आम्ही बांधावर हजर झालो की त्यांनी आम्हांला मनसोक्त रागे भरावे, एवढेच आमचे मागणे.