दोन मिनिटांची मराठी

प्रमोदिनी टेंबे तशी कुणाला भिणारी बाई नव्हती. झाशीच्या एका मुलींच्या कॉलेजात एकतीस वर्षं तिने वनस्पतिशास्त्र शिकवलं. सहलीत वाट अडवून बसलेला नाग तिने काठीने बाजूला सारला होता, आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका बड्या साहेबाच्या नापास लेकीला नापासच ठेवलं होतं. फळ्यावर खडूने खोडाचा छेद ती एका दमात काढायची, तोही अगदी गरगरीत गोल.

सवय मात्र एक वाईट. मनातलं सगळं ती मराठीत बोले, आणि तेही मोठ्याने. सदर बाजारात दुकानदाराच्या तोंडावर "लुटतोय मेला" म्हणायची. कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून फोनवर नवऱ्याला मुलींची उणीदुणी सांगायची. दतिया गेटजवळच्या टेंब्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी चालत आली होती. पण उंबरठ्याबाहेर ती कळतेय कुणाला, असं तिचं मत होतं.

२०२० साली कॉलेजला कुलूप लागलं आणि वर्ग मोबाइलवर आला. प्राचार्य मॅडमनी फर्मान काढलं: सात दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, प्रमाणपत्र आणा. नसेल त्याचा वर्ग काढून घेतला जाईल. त्याने प्रवेशाचे अर्ज तपासत बसावं. वर्ग गेला तर आपल्यात उरतं काय, हे प्रमोदिनीला नीट ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी तिने कुठलंसं बटण दाबलं आणि शिकवणारे गुरुजीच पडद्यावरून नाहीसे झाले. मग बँकेतून निवृत्त झालेले तिचे यजमान, दिवाकरराव, पुढे सरसावले. उरलेले सहा दिवस त्यांनीच काढले आणि परीक्षाही तिच्या नावाने त्यांनीच दिली. ब्याण्णव गुण पडले. प्रमाणपत्रावर नाव तिचं, अक्कल त्यांची. तेव्हापासून कॉलेजचा फोन आला की ती दचकायची.

सोमवारी सकाळी तिने खोडाच्या छेदावरचा तास रेकॉर्ड केला. ती हिंदीत बोलत होती, दिवाकरराव शेजारी बसून चित्रं सरकवत होते. मध्येच चित्र अडकलं.

"रेकॉर्डिंग थांबवलंत का?" तिने विचारलं.

"थांबवलं," ते म्हणाले.

मग काय, बांध फुटला. "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही! परीक्षा तुम्ही दिलीत, ब्याण्णव मार्क तुमचे, आणि फासावर चढायचं मी? त्या बाईला कळलं तर वर्ग जाईल माझा!" अशी दोन मिनिटं ती बोलत राहिली. चित्र सुरू झाल्यावर पुन्हा हिंदीत शिरली, आणि तास झाल्या झाल्या दिवाकररावांनी तो वर्गाच्या ग्रुपवर पाठवून दिला.

दुपारी चार वाजता ते कौतुकाने तोच तास ऐकत बसले होते. एकाएकी त्यांचा चेहरा उतरला. थांबवलं होतं ते फक्त चित्र. आवाज चालूच राहिला होता.

आता पुसून उपयोग नव्हता. चौसष्ट मुलींनी तास उतरवून घेतला होता, आणि ग्रुपमध्ये प्राचार्य मॅडमही होत्या. "कोणाला कळणार आहे मराठी?" दिवाकरराव म्हणाले. तीही तेच स्वतःला बजावत होती.

तेवढ्यात ग्रुपवर प्राचार्य मॅडमचा संदेश आला: "बहुत अच्छा लेक्चर, टेंबे जी। बीच में दो मिनट मराठी में क्या समझाया है? कोई छात्रा जानती हो तो सबके लिए हिन्दी में लिख दे।"

खाली अक्षरं उमटली: कांचन साहू टाइप कर रही हैं…

साहू! बुंदेलखंडातली मुलगी, हिला कुठून येणार मराठी? अक्षरं विझली, पुन्हा उमटली. प्रमोदिनीने डोळे गच्च मिटले. एकतीस वर्षं या दोन मिनिटांत जाणार, अशी तिची खात्रीच पटली.

"मैडम कह रही हैं," कांचनने लिहिलं होतं, "कि मशीन के भरोसे मत रहो, चित्र हाथ से बनाना सीखो।"

प्राचार्य मॅडमनी शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. प्रमोदिनीचा जीव भांड्यात पडतोय तोच फोन पुन्हा थरथरला. आता कांचनने एकट्या तिलाच लिहिलं होतं, आणि चक्क मराठीत.

"मॅडम, तुम्ही घाबरू नका. माझी नानी भुसावळची, नाना रेल्वेत होते. मला बोलायला नाही जमत, समजते सगळं. पहिल्या वर्षी तुम्ही व्हरांड्यात फोनवर बोलली होती, ती साहूची पोरगी ढ आहे, तिला भाजीपाला पण नाही ओळखता येणार. मी तेव्हा पण कोणाला नाही सांगितली."

प्रमोदिनीने ते तीनदा वाचलं. लाजेने तिचे कान तापले. दिवाकररावांना न विचारता एका बोटाने तिने शोधून शोधून दोन शब्द लिहिले: "चुकलं माझं." पण भीती काही गेली नाही. एकतीस वर्षांच्या मुली, शिपाई, दुकानदार एकेक करून तिच्या डोळ्यांसमोर यायला लागले. त्यांच्यातल्या कुणाकुणाची नानी भुसावळची होती?

"अगं, काय म्हणाली ती पोरगी?" दिवाकररावांनी आतून मोठ्याने विचारलं.

प्रमोदिनीने उघड्या खिडकीकडे पाहिलं.

"हळू बोला," ती म्हणाली.